वाचनालयाचं चॅट उचलायचं कुणी?

भिवंडीत वाचनालय गाठायचं म्हणजे अनेकांचा अर्धा दिवस जातो. पडघ्याहून किंवा वज्रेश्वरीकडून निघालेला विद्यार्थी गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेत अडकतो. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला तर वाचनालय उघडं असतं त्या वेळेत कारखान्याबाहेर पडताच येत नाही. एवढं करून यावं आणि हवं ते पुस्तक दुसऱ्या सभासदाकडे गेलेलं असावं! ‘अमुक पुस्तक आहे का, अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी आहे?’ एवढ्या दोन ओळींच्या प्रश्नाला वेळेत उत्तर मिळालं असतं, तर ती खेप वाचली असती. वाचकाचा वेळ वाचवा, हा डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं. आज त्याची कसोटी मोबाइलवरच्या चॅटमध्ये लागते.

चॅट सुरू करायला पाच मिनिटं पुरतात. ते चालवणं अवघड, कारण खातं एकच आणि ते सांभाळणारे तीन-चार.

मोठ्या वाचनालयात ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक आणि लिपिक असे निरनिराळे कर्मचारी असतात. सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन टाकला की काम भागलं, असं वाटतं. मग एकाच प्रश्नाला दोघांची उत्तरं जातात. एक म्हणतो पुस्तक आहे, दुसरा म्हणतो बाहेर गेलंय. त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्याने पाहिलं असेल असं प्रत्येक जण धरून चालतो आणि वाचकाला कुणीच उत्तर देत नाही. एकाने संदेश उघडला की इतरांना तो न वाचलेला दिसत नाही, म्हणून तो मागे पडतो. चुकीचं उत्तर कुणी दिलं, हेही नंतर कळत नाही.

अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी हे सगळं वीस वर्षांपूर्वी भोगलं आहे. 2005 साली ‘मीबो’ नावाची संकेतस्थळावरून गप्पा मारायची सेवा निघाली, पुढच्या वर्षी तिची छोटी चॅट-खिडकी आली आणि अनेक ग्रंथालयांनी ती आपल्या पानावर लावली. फुकट होती, सोपी होती. पण एका माणसाने मित्रांशी बोलावं यासाठी बनवलेली होती. पाळ्यांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा विचार त्यात नव्हता. यातून ‘लायब्ररी-हेल्प’ ही खास ग्रंथालयांसाठीची सेवा उभी राहिली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या ग्रंथपाल पॅम सेसम्स आणि संगणकतज्ज्ञ एरिक सेसम्स यांनी ती घडवली. कल्पना साधी होती: प्रत्येक ग्रंथपालाचं स्वतंत्र लॉगिन आणि वाचकासाठी एकच दार. प्रश्न आला की कामावर असलेल्या सगळ्यांकडे घंटी वाजते. जो आधी उचलेल त्याच्याकडे संवाद जातो आणि बाकीच्यांना तसं कळतं. पुढे 2012 मध्ये गूगलने मीबो विकत घेतली आणि काही आठवड्यांत तिची गप्पांची सेवा बंद केली. जी ग्रंथालयं केवळ तिच्यावर विसंबून होती, त्यांना घाईने दुसरी सोय शोधावी लागली.

आपल्याकडे संकेतस्थळावरच्या चॅटपेक्षा व्हॉट्सॲप जवळचं. 2018 पासून त्याचं व्यवसायासाठीचं ॲप मोफत मिळतं, आणि आता एका फोनसोबत चार उपकरणं जोडता येतात. म्हणजे देवघेवीच्या टेबलावरचा संगणक, ग्रंथपालांचा फोन, अभ्यासिकेतला संगणक, सगळीकडे तेच खातं दिसू शकतं. एक अट मात्र ध्यानात ठेवायला हवी: मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही, तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. मे महिन्याच्या सुट्टीत मुख्य फोन कपाटात बंद राहिला, तर जूनमध्ये संगणकावर चॅट उघडणार नाही. स्वतःचं संकेतस्थळ असेल, तर ‘टॉक-टू’सारख्या मोफत सेवेत प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळं लॉगिन मिळतं. तो मार्ग अधिक स्वच्छ.

व्हॉट्सॲपवर उत्तर कोणत्या उपकरणावरून गेलं, हे वाचकाला दिसत नाही. म्हणून उत्तराखाली आपलं नाव लिहिण्याची शिस्त हवी. अपुऱ्या राहिलेल्या प्रश्नाला ‘बाकी’ असं लेबल लावावं, पाळी संपताना एका वहीत दोन ओळी लिहून पुढच्याला सांगावं. वाचनालय बंद असताना आपोआप जाणाऱ्या संदेशात उघडण्याची वेळ असावी, नाहीतर रात्रपाळीतला माणूस उगाच उत्तराची वाट बघत बसतो.

भिवंडीत या सामाईक खात्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो फार मोलाचा. इथे मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी घरं शेजारी-शेजारी आहेत. उर्दूत आलेला प्रश्न मराठी कर्मचाऱ्याला वाचता आला नाही, तरी उर्दू जाणणारा सहकारी तोच संवाद आपल्या संगणकावरून पुढे नेऊ शकतो. वाचकाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही. एकाच माणसाच्या खाजगी फोनवर हे कधीच जमणार नाही.

खाजगी फोनचा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. सोय म्हणून अनेक ठिकाणी ग्रंथपालांचाच नंबर वाचनालयाचा नंबर होऊन बसतो. ते निवृत्त झाले की सभासदांचे संवाद, नावं, नंबर सगळं त्यांच्याबरोबर जातं. कोण कोणतं पुस्तक मागतो, ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. एखाद्या मुलीने आजाराविषयी किंवा कायद्याविषयी पुस्तक विचारलं, तर ते कर्मचाऱ्याच्या घरच्यांच्या नजरेला पडता कामा नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 मध्ये केला आहे, आणि नोकरी सोडणाऱ्याचं उपकरण त्याच दिवशी खात्यातून काढणं ही त्या दृष्टीने सर्वांत सोपी खबरदारी आहे. व्हॉट्सॲप खात्याच्या दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन ग्रंथपालांखेरीज कार्यकारिणीतल्या एका जबाबदार माणसाकडेही असावा.

वाचनालयांच्या कार्यकारिणीने पुढच्या सभेत संस्थेच्या नावावर एक सिमकार्ड घ्यावं, कोणत्या वेळी उत्तर कोण देणार ते तक्त्यात लिहावं आणि तो नंबर दारावर व प्रत्येक सभासदाच्या ओळखपत्रावर मोठ्या अक्षरांत छापावा.