खारपाणपट्ट्यात सांडपाण्याचा हिशेब

एप्रिल 2023 मध्ये अकोल्याहून नागपूरकडे एक पदयात्रा निघाली. सोबत टँकर होता आणि टँकरात खारपाणपट्ट्यातले पाणी. बाळापूरचे आमदार नितीन देशमुख ते पाणी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या दारात नेऊन दाखवणार होते. बाळापूर भागातल्या 69 गावांच्या पाणीपुरवठा योजनेवरची स्थगिती उठवा, ही मागणी होती. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी यात्रा अडवली.

योजनेचे पाणी वान धरणातून यायचे होते. तेल्हाऱ्याचे शेतकरी म्हणत होते, धरण सिंचनासाठी बांधले आणि आमचे ओलीत पिण्याच्या पाण्याच्या आरक्षणातच संपत चालले. दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त होते. भांडण होते ते एकाच धरणावर सगळ्यांची नजर असल्यामुळे.

बाळापूर मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर वसले आहे, तरी तालुक्यातल्या कित्येक गावांत विहिरीला लागलेले पाणी तोंडात धरवत नाही. हाच खारपाणपट्टा: पूर्णा खोऱ्याच्या खोल गाळात क्षार साठलेले आहेत. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. भूगर्भात पाणी असूनही ते पिण्याच्या कामाचे नाही, म्हणून दुरून नळाने आणायचे.

याच तालुक्यात पारसचे औष्णिक वीजकेंद्र आहे, 250 मेगावॉटचे दोन संच. कुलिंग टॉवरमधून वाफ होऊन उडणारे पाणी रोज नदीतून नव्याने भरावे लागते. डिसेंबर 2015 च्या केंद्रीय अधिसूचनेने अशा जुन्या केंद्रांना एका मेगावॉट-तासामागे साडेतीन घनमीटरची कमाल मर्यादा घातली. दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर त्या मर्यादेत दिवसाला 4 कोटी 20 लाख लिटर बसतात.

आता पंचवीसेक किलोमीटरवरच्या अकोल्याकडे पाहा. जानेवारी 2018 मध्ये अकोलेकरांनी मोर्णा नदीतली जलकुंभी काढायला हात लावला, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. पण जलकुंभी पोसली जाते ती नदीत येणाऱ्या सांडपाण्यावर. शिलोडा येथे अमृत योजनेतून उभ्या राहिलेल्या प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला 3 कोटी लिटर आहे. हे पाणी पारसला न्यावे, असा विचार मांडला गेलाच आहे. त्याला कायद्याचाही आधार आहे: 2016 च्या केंद्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना प्रक्रिया केलेले पाणी वापरणे बंधनकारक केले.

विदर्भात हे नवीन नाही. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध झालेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. भांडेवाडीत आधी दिवसाला 13 कोटी लिटरचे केंद्र झाले, मग 20 कोटींचे. नामिबियातले विंडहोक तर 1968 पासून असे पाणी शुद्ध करून नळाला सोडते. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहराने मात्र 2006 च्या मतदानात भर दुष्काळात ते पिण्यास नकार दिला. विरोधात सुमारे 62 टक्के मते पडली. बाळापूरला त्या वादात पडायची गरज नाही. सांडपाणी बॉयलर-टॉवरला जावे, नदी-धरणाचे पाणी हंड्यात यावे, एवढीच अदलाबदल आहे.

तरी अदलाबदल आपोआप होत नाही. नेहमीच्या प्रक्रियेने घाण जाते, विरघळलेले क्षार जात नाहीत. टॉवरमध्ये पाणी फिरून आटते तसे ते घट्ट होतात आणि नळ्यांवर थर धरतात, म्हणून गाळणी आणि गरज पडल्यास आरओचा खर्च धरावा लागतो. जलवाहिनी आणि पंपाची वीज वेगळीच. मोर्णेत खाली जाणारे पाणी कमी झाले तर काठच्या बागायतीचे काय, याचे उत्तरही आधी हवे.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पारसची नदीवरची जेवढी मागणी घटेल, तेवढे पाणी बाळापूरच्या गावांसाठी पिण्याच्या नावे कागदावर राखून ठेवले पाहिजे. पारस चालवणारी महानिर्मिती, अकोला महापालिका आणि जलसंपदा खाते यांच्या करारात ते कलम नसेल, तर वाचलेले पाणी दुसऱ्याच कुणाच्या मागणीत खर्ची पडेल आणि 69 गावे पुन्हा वानकडेच बोट दाखवतील.