घराण्याचा इतिहास कोठे सापडतो?

आपल्या श्रीरामपुरात दोन अनोळखी माणसे भेटली म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न हटकून येतो : "तुम्ही मूळचे कुठले?" जुन्या गावात हा प्रश्न गावकरी एकमेकांस विचारीत नाहीत. तेथे पाटलाचा वाडा कोणता आणि सुताराचे घर कोणते हे पोरासोरांनाही ठाऊक असते. आपले शहर मात्र नवे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून दौंड–मनमाड लोहमार्गाचे मातीकाम हाती घेतले गेले. १८७८ साली गाडी सुरू झाली आणि प्रवराकाठच्या बेलापूरपासून दूर, उघड्या माळावर, 'बेलापूर रोड' नावाचे स्थानक उभे राहिले. पुढे १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. कालव्यांचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, हरेगावी साखर कारखाना निघाला, गुळाची पेठ भरू लागली. कोणी मजुरीसाठी आले, कोणी अडतीच्या धंद्यासाठी, तर फाळणीनंतर कोणी सिंध सोडून आले. तेव्हा श्रीरामपूरचा इतिहास म्हणजे येथे येऊन राहिलेल्या घरांचा इतिहास होय.

हा इतिहास लिहिण्याची गोष्ट काढली की पुष्कळजण म्हणतात, "आमच्या घराण्यात लिहिण्यासारखे काय आहे? ना सरदारकी, ना सनद." ह्या समजुतीचा विचार करण्यासाठी थोडा वेळ दूर देशी जाऊ.

इंग्लंडात १५३८ साली टॉमस क्रॉमवेल ह्याच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका देवळाच्या हद्दीतील गावाने, एक वही ठेवावी असे ठरले. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ह्यांची नोंद आठवड्याच्या आठवड्याला तीत करावयाची. लिहिणाऱ्या धर्मगुरूच्या मनात इतिहासाचा विचारही नव्हता. पण चारशे वर्षांनी केंब्रिजच्या रिग्ली नावाच्या संशोधकाने डेव्हन परगण्यातील कॉलिटन ह्या लहान गावाच्या नोंदी घेतल्या आणि नावाला नाव जोडीत एकेक कुटुंब पुन्हा उभे केले. १९६६ साली त्याने दाखवून दिले की सतराव्या शतकाच्या मध्यानंतर त्या गावातील मुलींचे लग्नाचे सरासरी वय सत्तावीसवरून जवळजवळ तिसावर गेले होते आणि घरातील मुलांची संख्या घटली होती. पूर्वीच्या काळी मुली लहानपणीच लग्न होऊन जात, हा समज त्या गावापुरता तरी खोटा ठरला. राजांच्या बखरीत हे कधीच सापडले नसते. ते सापडले शेतकरी, विणकर आणि मोलकरणी ह्यांच्या नावांत.

आता आपल्याकडे वळू. अशी एकच वही आपल्याकडे नाही. पण वह्या नाहीत असे मात्र नाही. त्या चार ठिकाणी विखुरल्या आहेत.

पहिले ठिकाण तीर्थोपाध्यायांचे घर. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी येथे गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय बाड काढतो. आलेल्या यात्रेकरूचे, त्याच्या बापाचे, आजाचे, भावांचे आणि मुलांचे नाव त्यात असते. कित्येकदा खाली आपल्याच पणजोबांची सही असते. जुन्या नोंदी मोडीत असल्यामुळे वाचणारा बरोबर न्यावा. मात्र यात्रेला जो गेला त्याचेच नाव तेथे असणार. हातावर पोट असलेल्याला काशी कोठली?

दुसरे ठिकाण सरकारी दप्तर. सातबारा सर्वांना माहीत आहे. पण घराण्याच्या शोधकाने त्याहून फेरफाराची नोंदवही पाहावी. खातेदार मेला म्हणजे त्याच्या वारसांची नावे तीत चढतात, आणि सातबाऱ्यावर एका ओळीत दिसणारे घर फेरफारात पिढ्यापिढ्यांनी उलगडत जाते. गावचे जन्ममृत्यूचे पुस्तक, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तेही पाहावे. त्यात पुष्कळदा मुलाचे नाव नसते, अमक्यास मुलगा झाला एवढेच असते. पण तारीख पक्की मिळते. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, जन्मतारीख आणि आधीची शाळा सापडते. बाहेरून आलेल्या घराचा माग ह्या आधीच्या शाळेवरून लागतो.

तिसरे ठिकाण आपल्या तालुक्यातच आहे. हरेगावची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात भरते हे आपण जाणता. तेथील देवळासारख्या प्रत्येक कॅथलिक देवळात बाप्तिस्म्याचे पुस्तक ठेवण्याचा नियम आहे. बालकाचे नाव, आईबापांची नावे, धर्मपिता व धर्ममाता, तारीख, एवढे त्यात लिहितात. म्हणजे इंग्लंडातील त्या वहीची सख्खी बहीणच ही. ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, ज्यांना कोणी कुलवृत्तांत लिहून दिला नाही, अशा घरातील आजीचे नाव कागदावर प्रथम येथेच आढळण्याचा संभव असतो.

चौथे ठिकाण म्हणजे घरातील वडीलधाऱ्या माणसांची आठवण. हे दप्तर सर्वांत मोठे, आणि नाहीसेही सर्वांत लवकर होते. वृद्धांना सन आठवत नाही म्हणून निराश होऊ नये. "प्लेगात गाव सोडले", "मानमोडीच्या साथीत थोरला गेला", "कालव्याचे काम चालू होते तेव्हा आलो" असे ते सांगतात. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. अशा खुणांवरून सन बसविता येतो. जुन्या कागदावर निराळे सन असतील तर शकात ७८, फसलीत ५९० आणि शुहूर सनात ५९९ मिळवावे. महिन्याप्रमाणे एका वर्षाचा फरक पडतो.

ह्या सर्व साधनांत एक मोठी उणीव आहे. आपल्या वंशावळीत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू असा वृक्ष वाढतो. मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तेथेच तुटते आणि घरात आलेली सून नुसती 'अमक्याची बायको' होते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर मुलींची नावे वारस म्हणून फेरफारात चढू लागली, पुष्कळदा लगेच हक्कसोड करून घेण्यासाठी का होईना. त्यापूर्वीच्या स्त्रिया शोधायच्या तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर ह्यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. बाईच्या ओवीत माहेरचे गाव आणि भाऊ हमखास येतो. म्हणून आजीला तिच्या सासरची हकीकत विचारण्याआधी माहेरची विचारावी.

हा सारा हौसेचा उद्योग आहे असे कोणास वाटेल. त्यांनी खंडकऱ्यांची गोष्ट आठवावी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास आपल्या भागातील शेतकऱ्यांच्या जमिनी साखर कंपनीकडे खंडाने गेल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने त्या कंपनीकडून निघाल्या आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे आल्या. मूळ मालकांनी आणि त्यांच्या वारसांनी कित्येक वर्षे लढा दिला, आणि २०१२ च्या सुमारास जमिनी परत मिळू लागल्या. तोवर तीन पिढ्या उलटल्या होत्या. अशा वेळी कचेरीत पहिला प्रश्न येतो : "खंडाने जमीन देणारा तो मनुष्य तुमचा कोण?" ज्याच्या घरी जुना कागद आणि नीट लिहिलेली वंशावळ असते त्याला उत्तर देता येते. ज्याच्या घरी पत्र्याची पेटी वाळवीने खाल्लेली असते, त्याला खरे असूनही सांगता येत नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हाही असेच झाले. मोडी वाचणारी माणसे एकाएकी हवीशी झाली, आणि ती फारच थोडी उरली आहेत हे सर्वांस कळले.

एक सावधगिरी मात्र हवी. कोणताही एकटा कागद खरा मानू नये. शाळेतील जन्मतारीख पुष्कळदा मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते. वंशावळीत दत्तक पुत्र औरस म्हणून बसतो. आजोबांच्या आठवणीत दोन दुष्काळ एक होतात. दोन साधने एकमेकांस जुळली तरच गोष्ट पक्की धरावी, आणि जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवावी. शोध घेता घेता मानाला धक्काही बसेल. कोणाचे पूर्वज सरदार नसून दुष्काळात माती वाहणारे निघतील. त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? ज्या रुळांवरून आपले शहर आले, त्यांखालची माती त्यांनीच टाकली असेल.

तेव्हा आरंभ फार मोठा करू नये. एक शंभर पानी वही घ्यावी. आज घरी गेल्यावर सर्वांत वयस्क माणसाजवळ बसावे आणि पाच गोष्टी लिहून घ्याव्या : आईचे नाव, आईचे माहेर, येथे कोणत्या साली व कशासाठी आलो, पहिले घर कोठे होते, आणि आल्यावर पहिला आधार कोणी दिला. खाली आपले नाव व आजची तारीख घालावी. कचेरीतील दप्तर पुढच्या महिन्यातही पाहता येईल. हे दप्तर पुढच्या महिन्यात उघडे असेलच, ह्याचा भरवसा कोणी द्यावा?