पोकळ फांदीतील भाडेकरू

दक्षिण बंगळुरूतील जे. पी. नगर ही लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी वसाहत. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांना दहा-दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून मोजण्याची या शहरातील जुनी प्रथा चांगलीच स्मरणात असते. घरमालक व भाडेकरू यांचा व्यवहार मात्र मनुष्यजातीपुरता मर्यादित नाही. याच शहराच्या उत्तर भागात असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्या अरण्यातील असा एक व्यवहार तपासून पाहिला आहे. त्यातील भाडेकरू आहे एक चिमुकली मुंगी.

संस्थेतील पर्यावरणशास्त्र केंद्र आपल्या पुण्याच्या माधव गाडगीळ यांनी १९८३ मध्ये उभे केले. तेथील प्रा. रेनी बोर्जेस यांचे नाव भीमाशंकरच्या अरण्यातील, रात्री उडणाऱ्या भुंग्यांवरील संशोधनामुळेही अभ्यासकांना परिचित आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोडगूच्या सदाहरित अरण्यात हम्बोल्टिया ब्रुनोनिस या वृक्षाचा अनेक वर्षे अभ्यास केला. सीताअशोकाच्या कुळातील हा लहानसा वृक्ष केवळ पश्चिम घाटातच आढळतो. त्याच्या काही फांद्यांची पेरे फुगीर व पोकळ असतात आणि त्यांना आपोआप एक चीर पडते. खोली तयार, दारही तयार! शिवाय कोवळ्या पानांवर व कळ्यांवर मधुरस पाझरतो, म्हणजे भोजनाचीही सोय झाली.

एवढा खर्च वृक्षाने कशासाठी करावा? उत्तर टेक्नोमायर्मेक्स आल्बिपेस या मुंगीपाशी आहे. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची, काळसर अंगाची आणि फिकट पावलांची ही मुंगी कोवळ्या पानांवर गस्त घालते व ती कुरतडणाऱ्या कीटकांना हुसकावते. पाने वाचली तर वृक्षाचे पोषण होते. या मुंगीची राखण वृक्षाच्या लाभाची ठरते, असे प्रयोगांतून दिसून आले.

परंतु वृक्षाला भाडेकरू निवडता येत नाहीत. उघड्या दारातून जो प्रथम शिरेल, तो तेथे राहतो. क्रेमॅटोगॅस्टर डोर्नी नावाची दुसरी एक मुंगी याच खोल्यांत राहते आणि चक्क वृक्षाच्या कळ्याच नष्ट करते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने अभ्यासकांचे लक्ष वेधले. घर दिले, अन्न दिले, आणि त्या बदल्यात वृक्षाचे फळधारणेचे सामर्थ्यच हिरावले गेले! याला व्यवहार म्हणणेही कठीण आहे. काही खोल्यांत तर मुंग्याच नसतात. तेथे झाडावर वस्ती करणारे एक गांडूळ राहते. मुंग्यांच्या शेजारात ते सुरक्षित कसे राहते, हे कोडे २००६ साली उलगडले. त्याच्या अंगावरील चिकट स्राव मुंग्यांना दूर ठेवतो.

अशा आगंतुकांना फुकटे ठरविण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाला मात्र २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास विशेष महत्त्वाचा वाटतो. नत्राच्या समस्थानिकांचा माग घेतला असता, रहिवाशांनी मागे टाकलेल्या मलमूत्रातील व अवशेषांतील नत्र पोकळीच्या भिंतीतून शोषले जाऊन वृक्षाच्या ऊतींत पोहोचते, असे आढळले. राखण न करणारे गांडूळदेखील खताच्या रूपाने भाडे भरतेच. आपल्याकडील कित्येक खात्यांप्रमाणे येथेही जमेची बाजू पहिल्या पानावर दिसत नाही.

राखणदार मुंगी मात्र सर्वत्र सारख्या संख्येने आढळत नाही. एका अरण्यात ती बहुसंख्य असते, तर काही मैलांवरील दुसऱ्या अरण्यात इतरांचेच वर्चस्व असते. म्हणूनच वृक्षांची केवळ यादी करून अरण्याची पत ठरविता येत नाही. वृक्ष तोच, खोल्याही त्याच, पण राखणदार नसेल तर त्याच वृक्षाची पाने किडींच्या स्वाधीन होतात. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीत बोर्जेस याही सदस्य होत्या. त्या समितीने २०११ मध्ये आपला अहवाल सादर केला.

या वृक्षातील आणखी एक गोष्ट कुतूहल वाढविणारी आहे. एकाच अरण्यात, अगदी शेजारी-शेजारी, पोकळ खोल्या असलेले आणि एकही खोली नसलेले असे दोन्ही प्रकारचे वृक्ष उभे असतात. खोल्या नसलेला वृक्षही मधुरस देतोच; वाटसरू मुंग्या येतात, आपला वाटा घेतात आणि मुक्कामाला शेजारच्या वृक्षाकडे परततात.