आकड्यामागची मोजणी

शालेय पाठ्यपुस्तकांत खगोलशास्त्राचे आकडे विपुल असतात. ते कसे काढले गेले, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. देवयानी दीर्घिकेचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे, एवढे पाठ केले की विद्यार्थ्याची आणि शिक्षकाचीही सुटका होते. परंतु १९२० च्या दशकात एडविन हबल यांनी हेच अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे काढले होते, हे कळताच असा विद्यार्थी गोंधळतो. शास्त्रज्ञ आकडे बदलत असतात, एवढाच बोध तो घेतो. दोष त्याचा नव्हे. मोजणीची रीत त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

ही रीत समजण्यास वेधशाळा लागत नाही. पुणे-सातारा मार्गावरील किकवीसारख्या गावातील मुले रात्री दुरून येणारे वाहनांचे दिवे नेहमीच पाहतात. सारख्या शक्तीच्या दोन दिव्यांपैकी एक दुप्पट अंतरावर ठेवला, तर त्याचे तेज एकचतुर्थांश भासते. म्हणजेच दिव्याची मूळ शक्ती ठाऊक असेल, तर भासणाऱ्या तेजावरून अंतर सांगता येते. खरी अडचण मूळ शक्ती ओळखण्याची. मिणमिणता दिवा दूरच्या ट्रकचा की जवळच्या सायकलचा, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. हबल यांच्या आकड्यातही अशीच गफलत होती. त्यांनी आधार घेतलेले रूपविकारी तारे दोन जातींचे असतात, हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये मांडले आणि देवयानी एकदम दुप्पट दूर गेली.

कालेय तारकासमूहातील एनजीसी ६५०३ ही सर्पिल दीर्घिका या दृष्टीने उद्बोधक आहे. आर्थर आउवर्स या जर्मन विद्यार्थ्याने १८५४ मध्ये ती शोधली, तेव्हा त्याला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. एका विशाल पोकळीच्या कडेला ती एकाकी आहे. त्यामुळे शेजारणींच्या अंतरावरून तिचे अंतर ताडण्याची सोय नाही. विश्वप्रसरणाच्या वेगावरून काढावे, तर इतक्या जवळच्या दीर्घिकेच्या बाबतीत भोवतालच्या गुरुत्वाकर्षणाने आलेली गती त्यात मिसळते. उरतो तो तिच्यातील ताऱ्यांचा मार्ग. सूर्यासारखे तारे उतारवयात तांबडे व प्रचंड होतात. गाभ्यातील हेलियम एकाएकी पेटेपर्यंत त्यांचे तेज वाढत जाते व मग घटते. त्या क्षणी गाभ्याचे वस्तुमान जवळजवळ ठराविक असल्याने हे कमाल तेजही जवळजवळ सारखेच असते. हाच तो ओळखीचा दिवा! हबल यांच्याच नावाच्या अवकाश दुर्बिणीने असे तारे सुटे सुटे टिपले आणि अंतर सुमारे १ कोटी ८० लाख प्रकाशवर्षे निघाले.

या आकड्यातही काही टक्क्यांची चूक संभवते. उद्या तो सुधारेलही. मात्र रीत जाणणाऱ्या विद्यार्थ्याचा त्यामुळे विज्ञानावरील विश्वास ढळणार नाही, उलट दृढच होईल. त्यासाठी शाळेला दोन विजेऱ्या आणि अंधारे मैदान पुरेसे आहे. परीक्षेत ‘अंतर किती’ या प्रश्नाबरोबर ‘ते कसे मोजले’ हेही विचारले जाऊ लागेल, तेव्हाच विज्ञानाचे शिक्षण पाठांतरातून बाहेर पडेल.