भाकरीमागचं पाणी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी पेरली जाते ती परतीच्या पावसाच्या ओलीवर. चिकण माती ही ओल धरून ठेवते, मुळं ती खोलवरून ओढतात आणि थंडीत पाऊस न पडताही कणीस भरतं. ताण पडला की पानं गुंडाळली जातात; त्यांच्यावरचा मेणासारखा थरही बाष्प अडवतो. ऊस आणि भाताची तहान याच्या कितीतरी पट. शिवाय दाणा माणसाला, कडबा जनावराला. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढेच तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात तंतू ३ ग्रॅमच्या आतच. ग्लुटेन नसल्याने पीठ गरम पाण्यात मळावं लागतं. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि थापतानाच भाकरीच्या कडा चिरतात, म्हणून दळण थोडंथोडंच आणलेलं बरं.

‘ज्वारीची’ म्हणून विकली जाणारी बिस्किटं मात्र पाकीट उलटून पाहावीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात आणि पहिलं नाव बरेचदा मैद्याचं निघतं.