ऑक्टेनचा आकडा आणि इंजिनाची तब्येत

गॅरेजमध्ये गिऱ्हाईक मिस्त्रीला विचारते आणि बंदरावर होडीवाला सुट्या भागांच्या दुकानदाराला विचारतो, तो प्रश्न हल्ली एकच आहे. महागडे पेट्रोल घातले तर मशीन जास्त टिकेल काय? उत्तर देणाऱ्यालाही बहुधा नेमके ठाऊक नसते. 'महाग ते चांगले' असे सांगून तो मोकळा होतो. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची रोजीरोटी इंजिनावर चालते. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी होडी, कोणी गॅरेज. म्हणून या विषयाची थोडी उकल करणे आम्हाला गरजेचे वाटते.

पेट्रोल इंजिनात पिस्टन हवा आणि पेट्रोलची वाफ दाबतो. मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत क्रमाने पसरत जाते. पण ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण उष्णतेने व दाबाने आपोआप पेटले, तर धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच मिस्त्री लोक 'नॉकिंग' म्हणतात. ते चालू राहिले तर पिस्टनचा माथा झिजतो, रिंगा तुटतात आणि हेड गॅस्केट जाते.

पेट्रोल असे अवेळी पेटण्याला किती विरोध करते, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य धरून ही मोजपट्टी केलेली आहे. म्हणजेच हा आकडा पेट्रोलमधील ताकदीचा नाही, सहनशक्तीचा आहे. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला जास्त ऑक्टेन हवा. ज्याला ९१ पुरतो, त्यात १०० घातल्याने ना ॲव्हरेज लक्षात येण्याइतके वाढते, ना आयुष्य. गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर जो आकडा छापलेला असतो, तोच खरा सल्ला. त्याहून कमी घालू नये आणि त्याहून जास्तीसाठी पैसे मोजू नयेत. टर्बो बसवलेल्या किंवा जास्त दाबाच्या इंजिनांची गोष्ट वेगळी. त्यांना कंपनीनेच वरचा आकडा सांगितलेला असतो.

पूर्वी ऑक्टेन वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. ते आरोग्याला घातक ठरल्याने भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. आज हे काम बऱ्याच अंशी इथेनॉल करते. २०२२ मध्ये देशात १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट पुरे झाले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. २० टक्के मिश्रणासाठी किमान ९५ ऑक्टेनचे मानक आहे. म्हणजे साध्या पंपावरच पूर्वीच्या ९१ पेक्षा वरचा आकडा मिळू लागला आहे. तेव्हा केवळ आकड्यासाठी जास्त पैसे देण्यापूर्वी विचार करावा.

परंतु इथेनॉलची दुसरी बाजूही आहे. त्यात पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या व १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्के, तर तशा दुचाकीचे ३ ते ४ टक्के घटते. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व वॉशर खराब करते आणि टाकीतला जुना चिकटा सोडवून तो फिल्टरमध्ये आणून भरते. जुन्या गाडीत नव्या मिश्रणानंतर फिल्टर वारंवार तुंबत असेल तर नवल नाही. मिस्त्रींनी अशा गाड्यांच्या नळ्या वेळीच बदलून द्याव्यात.

आता होडीकडे वळू. रस्त्यावरची गाडी कधी उतारावर, कधी सिग्नलवर विसावते. होडीचे मशीन मात्र तासन्‌तास भाराखाली चालते, जणू गाडी न संपणारा घाट चढते आहे. गाडीत क्षणभर होणारे नॉकिंग होडीत सतत होत राहते, आणि वारा व लाटांच्या आवाजात ते ऐकूही येत नाही. कळते तेव्हा पिस्टन गेलेला असतो आणि किनारा लांब असतो.

त्यात भर पाण्याची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासह टाकीच्या तळाशी बसते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो आणि इंधन ओढणारी नळी तर तळाशीच असते. टू-स्ट्रोक मशीनमध्ये धोका दुप्पट, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑईल वरच्या थरातच राहते. मशीन पाणी व इथेनॉल ओढते, वंगण मिळत नाही आणि पिस्टन जाम होतो. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच्याच इथेनॉलला मान्यता देतात. म्हणून आपल्या मशीनची पुस्तिका पाहावी आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण विचारून घ्यावे. पावसाळी बंदीत होडी ओढून ठेवताना पेट्रोलची टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे. उरलेले ताजे पेट्रोल त्या मिश्रणाला चालणाऱ्या गाडीत वापरून टाकावे. मात्र ऑईल मिसळलेले पेट्रोल फोर-स्ट्रोक गाडीत घालू नये.

मोठ्या ट्रॉलरची इंजिने डिझेलची. तिथे ऑक्टेनचा संबंधच नाही. डिझेल दाबानेच पेटायला हवे, म्हणून त्याचा आकडा सीटेनचा असतो आणि तो आपल्याकडे किमान ५१ ठरलेला आहे. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळले तर ते नीट पेटत नाही आणि पंपाचे वंगणही जाते. चुकून भरले गेल्यास मशीन चालू न करता टाकी उपसावी. डिझेलची टाकी मात्र बंदीत भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेत ओलावा साचतो आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून काळा चिकटा तयार होतो. पाणी वेगळे करणारा फिल्टर नियमित उघडून काढावा.

सर्वात मोठे नुकसान करते ती भेसळ. रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड मशीन कमी दाबाची बनवलेली असतात. ती सुरू पेट्रोलवर होतात आणि मग रॉकेलवर चालतात. पण हेच रॉकेल साध्या पेट्रोल मशीनमध्ये गेले तर ऑक्टेन एकदम घसरतो, नॉकिंग होते आणि न जळलेले रॉकेल ऑईलमध्ये उतरून ते पातळ करते. चार पैसे वाचवण्याच्या नादात हजारोंचे काम निघते.

गिऱ्हाइकाला पंपावर काही हक्क आहेत, ते वापरावेत. फिल्टर पेपर मागावा. त्यावर नोझलचा एक थेंब टाकला तर शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जाते. घनता पडताळून मागावी. मापाबद्दल संशय असेल तर शिक्का मारलेल्या पाच लिटरच्या मापाने मोजून घ्यावे. पावती नेहमी घ्यावी, कारण पावतीशिवाय तक्रारीला बळ नाही.

मिस्त्री बांधवांना एक सूचना. गाडी आवाज करते म्हणून लगेच महागड्या पेट्रोलचा सल्ला देऊ नका. आधी टायमिंग, प्लग, पाण्याचे तापमान आणि हेडमधला कार्बन तपासा. खूपदा दोष तिथेच सापडतो. गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणाऱ्या मिस्त्रीकडे ते गिऱ्हाईक पुन्हा येते आणि चार जणांना घेऊन येते.