एटीव्हीची वीजव्यवस्था

अमेरिकेतील शेतकरी व शिकारी ज्या एटीव्हीच्या भरवशावर चिखल तुडवीत, ओढे ओलांडीत फिरतात, तिच्या जुन्या पिढीत कार्बोरेटर, साधे प्रज्वलन आणि दोरी ओढून इंजिन सुरू करण्याची सोय एवढाच काय तो सरंजाम असे. आता मात्र इंधनाची फवारणी, विजेच्या साहाय्याने वळणारे सुकाणू आले, या सर्वांवर हुकमत चालविणारा संगणक आसनाखाली दाटीवाटीने कोंबलेला असतो, आणि ती दोरी पुष्कळ गाड्यांतून बरखास्त झाली आहे. गाडी अडली, तरी बिघाड बहुधा संगणकात नसतोच. सांगाड्याला आवळलेल्या अर्थिंगच्या तारेखाली रंगाचा थर राहिला, किंवा जोडणीच्या प्लॅस्टिक कवचात पाणी शिरून तांब्यावर हिरवट गंज चढला, की स्टार्टर फिरताना संगणकास मिळणारा विद्युद्दाब 10 व्होल्टच्याही खाली घसरतो, आणि संगणक भांबावून एखाद्या निरपराध सेन्सरवर ठपका ठेवतो. मालक बिचारा तोच भाग बदलीत बसतो. तारांची जुडी सांगाड्याच्या धारेवर घासेल अशी ओवणे ही तर शुद्ध हयगय होय. फवारणीला बोल लावण्यात हशील नाही, कारण थंडीत व उंच प्रदेशात तिच्यामुळेच इंजिन सुरळीत चालते. दोष आहे तो कारखानदाराच्या काटकसरीचा. तेव्हा महागडा भाग मागविण्यापूर्वी बॅटरीची टर्मिनले व अर्थिंगचे टोक घासून स्वच्छ करावे, आणि स्टार्टर फिरत असता व्होल्टमीटर लावून पाहावा.